निरंक

सातवीतली एक मुलगी आईबरोबर तालुक्याच्या वाचनालयात आली आणि अनामत व वर्गणी भरून सभासद झाली. दुसऱ्या दिवशी ती पहिले पुस्तक न्यायला आली, तेव्हा देवघेवीच्या टेबलावरच्या संगणकाने दाखवले की हिच्याकडे तीन पुस्तके आधीच आहेत आणि तिन्हींची मुदत टळून गेली आहे. एक शब्दकोशाचा खंड, एक संस्कृत व्याकरण आणि तुकारामांच्या गाथेची जुनी प्रत.

"ही आधी आणून द्या, मग नवीन मिळेल," टेबलावरचा मदतनीस म्हणाला.

"आम्ही तर कालच नाव घातलं," आई म्हणाली. "हिनं अजून एक पण पुस्तक घरी नेलं नाही."

"इथं तर तसंच दिसतंय." त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

आईला वाचता येत होते. मुलीचे नाव आणि त्याखालची तीन पुस्तके तिने सावकाश वाचली. मग विचारले, "किती भरावे लागतील?" बटव्यात होते तेवढे पैसे तिने भरले, उरलेले बाजारच्या दिवशी आणते म्हणाली आणि पावती घेतली. मुलगी पुस्तक न घेताच तिच्यामागून बाहेर पडली.

या साऱ्या प्रकारात मला सर्वांत जास्त लागते ते हे की त्या बाईने वाद घातला नाही. ज्याच्यापाशी वेळ आहे, चार ओळखी आहेत, तो माणूस पडद्यावरच्या मजकुराशी भांडतो. हातावर पोट असलेला माणूस पैसे भरून मोकळा होतो. प्रोग्राममधली चूक बहुतेक वेळा अशाच माणसाच्या पदरात पडते आणि ती लिहिणाऱ्याच्या कानावरही जात नाही.

या वेळी ती गेली, कारण ग्रंथपाल जुन्या वळणाचे होते. सगळे गाव त्यांना मामा म्हणायचे, आणि वाचनालयाला हा प्रोग्राम लिहून देणारा पुण्यातला तरुण त्यांचा सख्खा भाचा होता. तो आठवडा मामा परगावी होते. परत आल्यावर त्यांनी पावतीपुस्तकातली स्थळप्रत पाहिली आणि पुस्तकांची नावे वाचताच खुर्चीवरून उठले. ही तीन पुस्तके कोणाकडे आहेत, ते त्यांना संगणक न उघडता ठाऊक होते. ती गुरुजींकडे होती, आणि गुरुजी महिन्यापूर्वी वारले होते.

चौकशीत कळले ते एवढेच. मुलगी सभासद झाली त्याच सकाळी गुरुजींचा मुलगा येऊन गेला होता. त्याने मृत्यूचा दाखला दिला आणि वडिलांचे खाते बंद करायला सांगितले. मदतनीसाने अनामत परत केली आणि संगणकावर खाते बंद केले. पुस्तकांचे विचारायचे राहून गेले. थोड्या वेळाने मायलेकी आल्या.

मामांनी भाच्याला फोन केला. "रविवारी ये. फोनवर काही समजावू नकोस."

भाच्याने हे काम मनापासून केले होते. ओळीओळीच्या मजकुराच्या फायली चाळायला तो नोकरीत रोज पर्ल वापरायचा, म्हणून प्रोग्रामही पर्लमध्येच लिहिला. सकाळी संगणक सुरू झाला की प्रोग्राम सभासदांची फाइल वाचून सगळी माहिती स्मृतीत घेई. दिवसभराची देवघेव तिथेच चाले आणि संध्याकाळी सारे पुन्हा फाइलीत उतरवले जाई. कोणाकडे कोणती पुस्तके आहेत याची नोंद एका हॅशमध्ये होती. हॅशमधल्या प्रत्येक नोंदीला एक ‘की’ लागते. तीच की पुन्हा पुढे केली, तर नोंद हाती येते.

आता सभासदाची की काय धरायची? नाव धरता येईना. एकाच आळीत एकाच नावाच्या दोन बायका होत्या आणि दोघींच्या नवऱ्यांची नावेही तीच. सभासद क्रमांक धरावा, तर वाचनालयाची रीत आड येत होती. छापील सभासद वहीत पाने मोजकी, एका क्रमांकाला एक पान. कोणी सोडून गेले की तोच क्रमांक पुढच्या माणसाला मिळे. "आज ४१२ म्हणजे एक जण, उद्या दुसराच," भाचा तेव्हा म्हणाला होता. "अशा क्रमांकावर विसंबून कसं चालेल?"

म्हणून त्याने रेफरन्स धरला. प्रत्येक सभासदाची माहिती स्मृतीत कुठेतरी ठेवलेली असते आणि रेफरन्स म्हणजे त्या जागेकडे दाखवणारे मूल्य. दोन सभासद एकाच वेळी एकाच जागी असू शकत नाहीत, तेव्हा दोघांचे रेफरन्स कधी सारखे निघणार नाहीत, असा त्याचा हिशेब. हिशेब तसा बरोबर होता. ‘एकाच वेळी’ या शब्दांवर त्याने पुरेसा विचार केला नव्हता.

लॅरी वॉल यांची पर्ल १९८७ च्या डिसेंबरात आली, पण रेफरन्स तिच्यात आले ते १९९४ सालच्या पाचव्या आवृत्तीत. हॅशची की मात्र पहिल्यापासून स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची ओळ, होती आणि पुढेही तशीच राहिली. तुम्ही रेफरन्स की म्हणून दिलात, तर पर्ल नाही म्हणत नाही. ती त्याची अक्षरे करते. ‘हॅश’ हा शब्द, पुढे कंस आणि कंसात स्मृतीतल्या जागेचा पत्ता, आकडे आणि इंग्रजी अक्षरे मिसळलेला. पुढे ही ओळच की म्हणून राहते. दिलेला रेफरन्स त्यात उरत नाही.

याची पहिली चुणूक भाच्याला लिहितानाच मिळाली होती. हॅशमधल्या साऱ्या की काढून त्यांवरून सभासदांची नावे छापायला गेला, तर प्रोग्राम जागीच थांबला. ही स्ट्रिंग आहे, हिचा हॅश रेफरन्स म्हणून वापर करता येणार नाही, असा निरोप आला. प्रोग्रामच्या डोक्यावर ‘स्ट्रिक्ट’ची ओळ होती म्हणून तो थांबला. ती ओळ काढून पाहिली तेव्हा प्रोग्राम बिनतक्रार चालला आणि नावांच्या जागा रिकाम्या छापल्या गेल्या. ‘स्ट्रिक्ट’ नसले की पर्ल त्या ओळीला एखाद्या व्हेरिएबलचे नाव समजते, त्या नावाचे काही शोधते, आणि सापडत नाही तेव्हा गप्प राहते. भाच्याने ओळ परत घातली, हे त्याने योग्यच केले. सभासदांची वेगळी यादी ठेवली. यादीतून सभासद घ्यायचा, त्याच्या रेफरन्सवरून हॅशमधली त्याची पुस्तके काढायची. उलट दिशेने जायचे नाही. अडचण सुटली असे त्याला वाटले.

इथे थोडे थांबून दुसऱ्या भाषांकडे पाहावे. पायथॉनमध्ये बदलता येणारी यादी डिक्शनरीची की म्हणून दिली, तर पायथॉन सरळ नकार देते. जावास्क्रिप्टमधल्या साध्या ऑब्जेक्टला की म्हणून दुसरा ऑब्जेक्ट द्या, तर अशा सगळ्या कींची एकच ओळ होते आणि साऱ्या गावाची पुस्तके पहिल्याच दिवशी एका नावावर जमतात. तिथे वेगळी सोय, मॅप नावाची, २०१५ च्या आवृत्तीत झाली. या दोन्ही चुका लगेच बोंब मारतात, आणि माझ्या मते ती लिहिणाऱ्यावर कृपाच आहे. पर्लमधली ही चूक तशी नाही. ती पुष्कळ दिवस बरोबर उत्तरे देते. वाचनालयात तिने कित्येक महिने दिली. दोन नावबहिणींची पुस्तके कधी मिसळली नाहीत, आणि मामा भाच्याचे कौतुक करत राहिले.

रविवारी भाचा आला तो आदल्या रात्रीच घरी दहादा प्रोग्राम चालवून पाहून. घरी चूक निघाली नव्हती. "मामा, मदतनीसानंच चुकून हिच्या नावावर घातली असतील."

"त्यानं घातली असती तर मुदत त्या दिवसापासून धरली असती," मामा म्हणाले. "इथं तारखा गुरुजींच्या आहेत. पावसाळ्याआधीच्या."

भाचा गप्प झाला. मग त्याने प्रोग्राममध्ये प्रत्येक सभासदाचा पत्ता छापायची ओळ घातली आणि त्या सकाळचा क्रम जसाच्या तसा पुन्हा केला. जुन्या फाइलीवरून सुरुवात, गुरुजींचे खाते बंद, नवीन मुलीचे खाते सुरू. पहिल्या खेपेला दोन पत्ते वेगळे आले. पुन्हा केले, पुन्हा वेगळे. मामा चष्मा पुसत शेजारी बसून होते. आणखी काही खेपांनंतर त्यांनी पडद्यावर बोट ठेवले.

"हे वरचं गुरुजींचं ना? आणि हे खालचं पोरीचं? दोन्ही एकच आहेत की."

अक्षर न अक्षर सारखे होते.

घडत होते ते असे. एखाद्या वस्तूला किती रेफरन्स धरून आहेत, याची मोजणी पर्ल सतत ठेवते. शेवटचा रेफरन्स सुटला की वस्तू जाते आणि तिची जागा मोकळी होते. गुरुजींना धरून होती ती फक्त सभासदांची यादी. यादीतून त्यांना काढले आणि त्यांची जागा मोकळी झाली. हॅशमध्ये त्यांची की होती खरी, पण ती नुसती अक्षरे, म्हणून मोजणीत ती धरलीच जात नाही. तिने गुरुजींना धरून ठेवले नव्हते, आणि ते गेल्याचे तिला कळलेही नाही. तीन पुस्तके तिच्याखाली तशीच राहिली. मग मुलगी आली. नव्या माहितीला जागा हवी, आणि पर्ल नुकत्याच मोकळ्या झालेल्या जागा पुन्हा वापरते. कधी त्या जागेवर दुसरेच काही बसते, म्हणून चूक कधी दिसे, कधी नाही. त्या सकाळी तिथे मुलगी बसली. नव्या सभासदाला कोरी यादी द्यायची ओळ भाच्याने लिहिलीच नव्हती, कारण पहिले पुस्तक घालताना पर्ल यादी आपोआप तयार करते. संध्याकाळी फाइल लिहिताना प्रोग्रामने मुलीच्या पत्त्याखाली काय आहे ते पाहिले आणि तीन पुस्तके तिच्या नावापुढे लिहून टाकली. दुसऱ्या सकाळी ते पत्ते उरलेही नव्हते. उरली ती फाइल, आणि तिच्यात साध्या अक्षरांत खोटे लिहिलेले होते.

भाच्याने हे सांगितले तेव्हा मामांनी कपाटातून जुनी सभासद वही काढली. कापडी पाठीची, पाने पिवळी पडलेली. एक पान त्यांनी उघडले. वर क्रमांक, खाली एका सभासदाचे नाव, ते आडव्या रेघेने खोडलेले, त्याखाली दुसरे नाव. दोन नावांच्या मध्ये लाल शाईत लिहिले होते: खाते निरंक. पुढे तारीख आणि सही.

"तू म्हणालास, क्रमांक दुसऱ्याला जातो म्हणून विसंबायचं नाही," मामा म्हणाले. "बरोबर आहे. पण आमचे आधीचे ग्रंथपाल ही लाल ओळ लिहिल्याशिवाय क्रमांक कुणाला देत नसत. पुस्तकं आली का, दंड भरला का, अनामत दिली का, सगळं बघायचं, सही करायची, मग खाली दुसरं नाव. तुझ्या यंत्रात क्रमांक तसाच दुसऱ्याला जातो. ही ओळ कोण लिहितं?"

"कोणीच नाही," भाचा म्हणाला.

दुपारपर्यंत त्याने दुरुस्ती केली. पर्लबरोबरच मिळणारे एक मॉड्यूल आहे, फील्डहॅश नावाचे. २००७ च्या अखेरीस आलेल्या ५.१० या आवृत्तीपासून ते आहे. त्यातल्या हॅशला रेफरन्स की म्हणून दिला आणि ती वस्तू गेली, की तिची नोंदही आपोआप पुसली जाते. जागा दुसऱ्याला मिळाली तरी त्याच्या वाट्याला जुने काही येत नाही. टाय-रेफहॅश नावाचे आणखी एक आहे. ते अस्सल रेफरन्स सांभाळते, पण मग बंद केलेले सभासदही संध्याकाळपर्यंत स्मृतीत मुक्काम ठोकून राहतील, म्हणून ते त्याने घेतले नाही. फील्डहॅश घालून त्या सकाळचा क्रम पुन्हापुन्हा चालवला. मुलीच्या नावावर एकदाही काही आले नाही.

"झालं," तो म्हणाला.

मामांनी पडदा नीट पाहिला. "पोरीचं झालं. गुरुजींची तीन पुस्तकं कुठं गेली?"

"त्यांचं खातं बंद झालं ना, म्हणून ती नोंद पुसली."

"पुस्तकं आली का परत?"

भाच्याने मान हलवली.

"मग पुसलीस कशाला? निरंक म्हणजे पुसणं नव्हे. काही येणं उरलं नाही, हे बघून केलेली सही म्हणजे निरंक." मामांचा आवाज चढला नव्हता, पण ते रागावले होते. "आणि हे सांग, ही पोर त्या जागी बसली नसती तर?"

भाच्याने जुना प्रोग्राम पुन्हा डोळ्यांपुढे आणला. मुलगी त्या जागी बसली नसती, तर संध्याकाळी तीन पुस्तके कोणाच्याच नावापुढे लिहिली गेली नसती. शब्दकोश, व्याकरण आणि गाथा वाचनालयातून नाहीशी झाली असती आणि कोणाला कळलेही नसते. याआधी किती खाती बंद झाली होती? त्या प्रत्येकाकडे काही बाकी होते का? नव्या दुरुस्तीने ही गळती थांबणार नव्हती. उलट ती आता दर वेळी, न चुकता झाली असती.

मला वाटते, प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या आयुष्यात यापेक्षा मोलाचा प्रश्न क्वचित येतो. भाच्याला दिसणारी चूक काढायची होती. मामांना ज्याचे त्याच्या नावावर हवे होते. फील्डहॅश चांगले साधन आहे आणि ते जिथे लागते तिथे मी बिनदिक्कत वापरीन: वस्तू गेली की तिच्याबद्दल लक्षात ठेवण्यासारखे काही उरतच नाही, अशा ठिकाणी. पण माणूस गेला म्हणून त्याचे देणेघेणे जात नाही. तिथे स्मृतीतल्या पत्त्यावर हिशेब बांधणेच चूक, मग ती नोंद आपोआप पुसली जावो वा राहो.

मामांनी दुसरी वही काढली, दाखल नोंदवही. वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाला तिच्यात दाखल अंक मिळतो. "हे बघ. पुस्तक फाटलं, हरवलं, रद्द केलं तरी त्याचा अंक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. पुढे शेरा लिहितात, ओळ तशीच राहते. पुस्तकांना हे आम्ही पहिल्यापासून केलं. माणसांना केलं नाही, कारण पानं कमी होती. तुझ्या यंत्रात पानं कमी आहेत का?"

"नाहीत."

"मग?"

त्या रात्री भाचा पुण्याला गेला नाही. प्रत्येक सभासदाला त्याने एक कायमचा अंक दिला. एकदा दिलेला अंक पुन्हा कोणाला नाही, गेलेल्यालाही तो राहणारच. हॅशची की आता हा अंक, आणि नोंदीच्या आत सभासदाची सगळी माहिती, म्हणजे कीवरून माणूस सापडतो. छापील वहीतला जुना क्रमांक माहितीचा एक भाग म्हणून उरला. खाते बंद करताना प्रोग्राम बाकी पुस्तके नावांसकट दाखवील, आणि यादी रिकामी नसेल तर खाते बंद होणार नाही, असे त्याने केले. मामांनी त्यात भर घातली: कोणी वारले असेल तर घरच्यांना अनामतीसाठी ताटकळत ठेवायचे नाही, अनामत द्यायची, खाते मात्र उघडे ठेवायचे, आणि निरंक लिहिणाऱ्याचे नाव त्या ओळीत आले पाहिजे. पुस्तकांच्या बाजूलाही भाच्याने एका ठिकाणी रेफरन्सच की म्हणून धरले होते. तिथे दाखल अंक आला.

मग दोघे मागच्या नोंदींकडे वळले. मामांनी संगणक आल्यावरही देवघेवीची कागदी वही चालू ठेवली होती. भाच्याने तेव्हा ती बंद करा म्हणून बराच आग्रह धरला होता. आता तिच्याशीच एकेक बंद खाते ताडून पाहिले. काही पुस्तके खरोखरच हवेत गेली होती. आणखी एका सभासदाच्या नावावर दुसऱ्याचे पुस्तक निघाले. त्याने तेही भरून दिले होते, न बोलता. गुरुजींचे खाते पुन्हा उघडले आणि तीन पुस्तके त्यांच्या नावापुढे लिहिली. मामांनी त्यांच्या मुलाला पत्र टाकले. भाच्याने पत्रात चूक कोणाची हे स्पष्ट लिहायला लावले.

सोमवारी संध्याकाळी दोघे मुलीच्या घरी गेले. मामांनी पैसे परत दिले, रद्द केलेली पावती दाखवली. भाच्याने आईची माफी मागितली आणि घडले ते सरळ सांगितले: गुरुजींचे नाव काढले, त्यांच्या नावाखालची यादी मी तशीच ठेवली, आणि नेमक्या त्याच जागी हिचे नाव लिहिले गेले.

आईने पैसे मोजून बटव्यात ठेवले. मग विचारले, "आता ती पुस्तकं दुसऱ्या कुणाच्या पोराच्या नावावर नाही ना गेली?"

"नाही," भाचा म्हणाला. "गुरुजींच्याच नावावर आहेत. त्यांच्या मुलाला पत्र गेलंय."

मुलीने एव्हाना चपला घातल्या होत्या. वाचनालय सातला बंद होत होते, आणि पावणेसात वाजून गेले होते.